फ्रीजमधलं चंदन

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी सांगलीला, विश्रामबागेतल्या एका कालेजात, अख्ख्या खानदानाचा खून पडला. मेलेल्यांत जो सगळ्यात थोरला हुता, त्यो माज्या करंगळीएवढा.

भिऊ नगा. मानसं न्हवती, झाडं हुती. चंदनाची. काचंच्या नळ्यांत उभी केल्येली आन फ्रीजमदी ठिवल्येली.

आमच्या रहिमतपूरच्या मळ्यात बांधावर एक चंदन हुतं. त्येचा वास असा, की टेसनात आगगाडी शिरली की डायवर शिट्टी मारायची इसरून डोळं मिटून बसायचा. झाडाखाली नागांची रांग लागायची. मी म्हनायची, बाबांनो, दुपारच्याला या, आता मला धुनं वाळत घालायचंय. बिचारी माघारी जायची. आता कुनी म्हनंल एवढं नाग नसत्यात. बरं, चार कमी करा. वासातलं मातुर कमी करून देनार न्हाई.

त्या साली चोरांनी त्ये झाड कापलं. नुसतं खोड न्हाई, मुळंबी उकरून नेली. मागं ऱ्हायला खड्डा. मी त्या खड्ड्याच्या काठाला बसले ती उठायचं नाव घीना. तवा आमचं मालक म्हनलं, "अगं, त्या राहीनं शेंडं न्हेल्यात की."

आमचं मालक म्हंजी सुभेदार हंबीरराव. फौजेत रसदीच्या खात्यात हुतं, पेन्शनीत आल्तं. आन राही म्हंजी कडेगावची पोरगी. बौद्धाच्या घरातली, बाप पोष्टात. सांगलीच्या कालेजात झाडांवर काम करायची. झाड कापायच्या आदी ती आमच्या मळ्यात आल्ती आन कोवळं शेंडं खुडून घिऊन गेल्ती.

काय करायची त्येचं? शेंड्याचा तुकडा औषदानं धुवायची. चायना ग्रास शिजवून, त्येच्यात साखर आन झाडाला लागनारं खार घालून नळीत थिजवायची. त्येच्यावर तुकडा बसवायचा, वर कापसाचा बोळा. काय दिसांनी त्येला हिरवागार कोंब. पर कोंब म्हंजी खादाड पोर. थिजलेलं खाऊन संपवायचा, की परत नव्या नळीत घाला. राही म्हनाली, जन्मभर हेच करत बसू व्हय? मंग तिनं कोंब फ्रीजमदी ठिवलं. बर्फावानी गार न्हाई, बेतानं गार. थंडीत कोंब वाढत न्हाई आन मरतबी न्हाई. झोपतो. महिनं न् महिनं झोपतो. पायजे तवा उठवायचा आन मातीत लावायचा. चोरांनी रान साफ केलं तरी वान फ्रीजमदी सुखरूप.

म्हंजी आमच्या चंदनाचं जे काय जगात उरलं हुतं, त्ये त्या फ्रीजमदी हुतं. आन परवाच्या दिशी झाडांवरच काम करनाऱ्या पुन्याच्या एक मोठ्या बाई बगायला येनार हुत्या. कोंब जित्तं दिसलं तर राहीला सोताची खोली आन पुढचं काम. न्हाई तर कालेज त्या कामाला कुलूप घालनार हुतं.

मी आन सुभेदार राहीला दसऱ्याचं सोनं द्यायला गेल्तो. ती त्याच सकाळी कडेगावास्नं आल्ती. दसरा म्हंजी त्यांचा धम्मदीक्षेचा दिस, तवा ती अष्टमीलाच गावी गेल्ती.

"या काकू, तुमचं झाड दावते," म्हनाली. हासत फ्रीज उघाडला.

आन तिचं हासू तसंच ऱ्हायलं, जसं खुंटीवर इसरलेलं पातळ.

सगळ्या नळ्या काळ्या. आत बुरशीची काळी लव, कोंब गळून पडल्येलं. मी एक नळी उचलली. भाईरनं काच चकचकीत, आकड्याची चिठ्ठी पांढरीधोप, कापसाचा बोळा जागच्या जागी. आत मढं.

राही रडली न्हाई. ती एकेक नळी उजेडाला धरून बगत ऱ्हायली, जनू कुठल्या तरी एकीत जीव घावंल.

माजी बोंब ऐकून त्या खात्याचं मोठं सर आलं. लालासाहेब. जाड भुवया, बारीक नजर. त्यांनी नळ्या बघितल्या, मंग फ्रीजच्या दाराकडं बघितलं. दारावर हळद-कुंकवाचं हे मोठं स्वस्तिक काढल्येलं, वर झेंडूचा हार.

"हा फ्रीज कोणी बंद केला होता?" त्यांनी इचारलं.

दाराआडनं शिपाई कृष्णात म्हनाला, "मी, सायेब."

२

आता तुमी म्हनाल, फ्रीज कशापायी बंद करायचा? आवं, खंडेनवमी हुती. आमच्याकडं त्या दिशी हत्यार चालवत न्हाईत. नांगर, कुऱ्हाड, इळा, पान्याचं इंजन, शिलाईची मिशन, समदं बंद करून धुवायचं, हळद-कुंकू लावायचं आन एक दिस इसावा द्यायचा. वर्सभर आपल्यासाठी राबतंय न्हवं? कृष्णातच्या मतानं त्या खोलीत सगळ्यात जास्त राबनारं कोन आसंल तर फ्रीज. बिचारा रात न् दिस गुरगुरतोय. म्हनून त्यानं नवमीला बटन बंद केलं, पुजा केली, दसऱ्याला सकाळी परत चालू केला.

लालासाहेब म्हनलं, "अडाणीपणाची कमाल झाली. पाहुण्या येऊन गेल्या की हा माणूस नोकरीत राहणार नाही. आणि राहीबाई, तुमचा प्रयोगही संपला."

राही म्हनाली, "सर, एका दिवसात एवढी बुरशी येत नाही."

"आली की. डोळ्यांनी दिसतेय."

मी तवर फ्रीजमदी डोकं घातल्येलं. नळ्यांच्या वरच्या फळीवर एक वाटी हुती, मलमलचं फडकं बांधल्येली. सोडून बघितलं. लोनी. वास घेतला. ताजं, पांढरंशुभ्र, चतकोर भाकरी आसती तर तिथंच बसले आसते.

"ह्ये कुनाचं?"

लालासाहेबांनी खाकरून भिताडाकडं बघितलं. "माझं आहे. अष्टमीला ठेवलेलं. दुपारच्या डब्याला लागतं."

"मंग सर," मी म्हनले, "एकाच फ्रीजमदी, एकाच दिशी, बटन बंद. लोनी ताजं आन काचंत बोळा लावून ठिवल्येला पाला कुजला? माज्या घरात उलटं हुतं बगा."

सुभेदार मिशीला पीळ देत म्हनलं, "लेहला आमी रसद सांभाळायचो. एक दिस भट्टी बंद पडली म्हनून कोठारातली भाजी काळी पडलेली मी बघितली न्हाई. ह्यो माल आदीच सडल्येला हाय, सर."

लालासाहेब म्हनलं, "परवा पाहुण्या येईपर्यंत काय शोधायचं ते शोधा." असं म्हनून लोन्याची वाटी घिऊन ग्येलं.

मी कृष्णातला व्हरांड्यात बसवलं. मानूस पन्नाशीचा, टोपीच्या कडंला घटातल्या धानाचं पिवळं कोंब खवल्येलं.

"नळ्यांना हात लावलास का रं?"

"न्हाई, वैनी. राहीताईंनी सांगितल्यालं, पुजा करायची तर कर, पर नळ्यांना हात लावू नगंस. दाराच्या भाईरनं केली पुजा."

ह्ये सांगताना त्यो पायाच्या अंगठ्याकडं बघत हुता. मी मनात म्हनले, ऱ्हाऊ दे, कवा तरी वर बघशील.

"पुजा करताना दुसरं कोन हुतं?"

"कोन न्हाई. कालेजला सुट्टी. भाईरल्या दाराला कडी घातल्याली."

"आन दसऱ्याला?"

"दसऱ्याला दोघं आलं. आदी लालासाहेब. मला सोनं दिलं, आत जाऊन वाटीतलं थोडं लोनी काढून घेतलं, ग्येलं. मंग आप्पासो सर आलं. मला सोनं दिलं, मी त्यांच्या पाया पडलो. म्हनलं, राहीच्या टेबलावरबी सोनं ठिवतो. आत ग्येलं, जरा येळानं आलं, ग्येलं. घाईत हुतं. हातात थरमास हुती."

"चहा दिला का तुला त्यातला?"

"कुठला वो. मीच म्हनलं, सर, चहा टाकतो. तर नगं म्हनलं."

मी ऐकून घेतलं आन उठले. पर काय तरी काट्यावानी सलत हुतं. आमच्यात दसऱ्याला मानूस घरोघर सोनं वाटत हिंडतो, आन जिथं जाईल तिथं त्येच्या नरड्यात चहा वततात. संध्याकाळपतुर मानसाचा चहाचा हौद हुतो. आन ह्यो बाबा घरनं थरमास घिऊन निगाला?

३

पयल्यांदा लालासाहेबांच्या खोलीत ग्येलो. त्यांनी बसा म्हनलं न्हाई, तवा मी आपली बसले.

"तुमी राहीच्या कामाच्या इरोधात हायसा म्हनं."

"आहे," त्यांनी सरळ सांगितलं. "झाडं झोपवून काय करायचंय? इथे उसावर काम व्हायला हवं. ती खोली मला उसासाठी हवी आहे. हे मी तिच्या तोंडावर सांगितलंय."

"दसऱ्याला फ्रीज उघाडला तवा नळ्या कशा हुत्या?"

"बघितल्या नाहीत. वरच्या फळीवरच्या वाटीतलं थोडं लोणी काढून घेतलं आणि दार लावलं. बाई, मला ती बाग नको असेल, पण रात्रीत जाऊन कोणाची बाग जाळणारा माणूस मी नाही."

भाईर आल्यावर सुभेदार म्हनलं, "ह्योच असनार. तोंडावर बोलतोय, म्हंजी पोटात दुसरंच."

"आवं, तोंडावर बोलनारा तुमाला चोर वाटतोय व्हय? मंग आपल्या गावात एकटी मी तुरुंगात जाईन."

मंग आप्पासो सरांकडं. ह्यो राहीच्या आदीपास्नं कालेजात हुता, गोरा, हसरा, केसाला तेल. आमच्या झाडाचं शेंडं राहीनं त्येलाबी दिल्तं, त्योबी नळ्या करायचा. खोलीत गेल्या गेल्या त्यानं खुर्च्या पुसल्या, चहा मागवला, माझ्या पाया पडला. डोळ्यांत पानी.

"काकू, तुमचं झाड. मला रात्री झोप नाही लागणार."

"तुमच्या नळ्या बऱ्या हायत न्हवं?"

"देवाची कृपा. माझ्या जगल्या. सुरक्षित जागी ठेवल्यात. परवा पाहुण्यांना मी त्याच दाखवणार. राहीचं नाव घेऊनच दाखवीन हो, मला काय मोठेपणा नको. कालेजची अब्रू राहिली म्हणजे झालं."

"लय चांगलं मन तुमचं," सुभेदार म्हनलं.

"आणि त्या कृष्णातवर रागावू नका," आप्पासो पुढं म्हनाला. "भोळा माणूस. एकेका नळीला कुंकवाचं बोट लावत बसला असेल. फ्रीज बंद, दार उघडं, सगळ्या नळ्यांना माणसाचा हात. मग काय होणार? भक्तीनं घात केला, दुसरं काय."

चहा झाला. चांगला हुता, आलं घातल्येला. आमी नमस्कार करून निगालो. जिन्याच्या निम्म्यात आले आन माजं पाय थांबलं. सुभेदार चार पायऱ्या पुढं गेल्तं.

"आवं, थांबा."

"काय झालं? गुडघा धरला का?"

"गुडघा न्हाई. चोर धरला."

४

कृष्णात व्हरांडा झाडत हुता. मी त्येच्या पुढ्यात जाऊन हुभी ऱ्हायले. राहीलाबी बोलावलं.

"कृष्णाता, टोपीत देवाचं धान हाय. आता सांग. नळ्यांना कुंकू लावलंस का न्हाई?"

त्यानं केरसुनी खाली ठिवली. राहीकडं बघितलं, मंग आबाळाकडं.

"लावलं, ताई. तुमी नगं म्हनल्या हुत्या. पर फ्रीजला पुजायचं, वजनाच्या काट्याला पुजायचं, त्या दुर्बिनीला पुजायचं, आन ज्येच्यासाठी ह्यो सगळा खटाटोप ती लेकरं तशीच ठिवायची? जीव मानना. नळी हालवली न्हाई, बोळ्याला शिवलो न्हाई. चिठ्ठीवर कुंकवाचं वलं बोट टेकवलं फकस्त. एकेकीला."

"सगळ्यांना?"

"एक सोडली न्हाई. मला घालवायचं तर घालवा, ताई."

राहीला अजून उमगलं न्हवतं. मी तिचा हात धरून फ्रीजपाशी न्हेलं आन दार उघाडलं.

"राही, ह्या नळ्यांवर कुंकू दाव."

तिनं एक नळी घेतली. दुसरी घेतली. तिसरी. सगळ्या चिठ्ठ्या पांढऱ्याधोप.

"पुसलं असंल कुनी," सुभेदार म्हनलं.

"कागदावरचं वलं कुंकू? माज्या लग्नातल्या शालूवरला डाग अजून गेला न्हाई, कागदावरला कसा जाईल?"

राहीच्या हातात नळी तशीच. मंग ती एवढी शिकल्येली पोरगी एकदम घरच्या बोलीत म्हनाली, "म्हंजी ह्या माज्या न्हाईत. काकू, माज्या जित्त्या हायत. कुटं तरी जित्त्या हायत."

"हायत. आन कुनी न्हेल्या त्येबी ऐका. नवमीला पुजा झाली तवा दाराला कडी. कृष्णातनं भिऊन कुनाला सांगितलं न्हाई. राही तर कडेगावात. आज सकाळी ह्या काळ्या नळ्या सगळ्यांनी बघितल्या, त्येच्यावर कुंकू न्हाई. मंग नळ्यांवर कुंकवाचं बोट हुतं ह्ये कुनाला ठाऊक असनार? ज्येनं दसऱ्याला फ्रीज उघडून खऱ्या नळ्या हातात घेतल्या, त्येला. आन आत्ताच चहा पाजता पाजता एकानं मला सांगितलं, कृष्णात एकेका नळीला बोट लावत बसला."

"आप्पासो सर?" राही म्हनाली. "ते माझ्यासाठी सकाळी रडले, काकू."

"रडायला काय लागतंय? कांदा."

सुभेदारांनी थोडा इचार केला. "लालासाहेबबी फ्रीज उघडून ग्येलं की. त्यांनी कुंकू बघितलं असतं तर?"

"तर त्यांनी त्याच दिशी कृष्णातला असा झाडला असता, की मिरजेपतुर ऐकू आलं असतं. त्यांनी नुसतं लोनी बघितलं."

आता राहिली एकच गोष्ट. नळ्या कुठं? घरात ठिवल्या तर गरमीनं कोंब जागं हुनार, वाढून वाकडं हुनार. परवा पाहुण्यांना झोपल्येलंच दावायचं म्हंजी गार जागा पायजे. त्या काळी फ्रीज म्हंजी कुनाच्या घरी नसायचा. सांगलीत मोठ्या डाक्टराकडं, सोडावाल्याकडं, अशी बोटावर मोजायची घरं.

"कृष्णाता," मी इचारलं, "ती थरमास कशी हुती? चहाची?"

"न्हाई वो. तोंड लय रुंद. तांब्या आत जाईल असं. वर बुचाचं झाकन."

मला हासू आलं. तसली थरमास मी वळखते. माजी म्हस माज्या सुनंला वळखत न्हाई, पर त्या थरमासला वळखती. म्हस माजावर आली, की जनावरांच्या दवाखान्यातला मानूस सायकलीवर तीच घिऊन येतो. आत बर्फ, आन बर्फात चांगल्या रेड्याचं बी, नळीत भरल्येलं. तेबी गार लागतं, पर गोठलं तर मेलं. आमच्या चंदनासारखंच.

"राही, आप्पासोचं कोन नातेवाईक जनावरांच्या दवाखान्यात हाय का?"

राहीनं तोंडावर हात ठिवला. "त्यांचा मेव्हणा. नानासो. आमच्या कडेगावच्या वाटेवरच आहे त्याचा दवाखाना."

५

दुसऱ्या दिशी एस्टीनं ग्येलो. पर दवाखान्यात सरळ जाऊन "तुमचा फ्रीज दावा" असं म्हनता येतंय व्हय? राहीच्या चुलत्याची म्हस घेतली. तिचं नाव शेवंता. म्हातारी झाल्येली, पाचदा याल्येली, माज नावाची गोष्ट कवाच इसरल्येली. रस्त्यानं चालताना ती माझ्याकडं असं बगायची, जनू इचारत हुती, बाई, ह्या वयात माजी का थट्टा मांडली.

नानासो भला मानूस. त्यानं शेवंताला पुढनं बघितलं, मागनं बघितलं, डोकं खाजवलं.

"मावशी, ही माजावर न्हाई."

"हाय. रात्री गानं म्हनत हुती."

"मावशी, हिला आता नातू व्हायचं वय."

"तू आपला बघ तर खरं. आन बी चांगलं दे. मला आदी दाव. मी बघितल्याबिगर घेत न्हाई, मागल्या येळंला एकानं मला रेडकाऐवजी काळं कुत्रं हुईल असलं बी दिल्तं."

सुभेदार तोंड फिरवून खोकायला लागलं. राहीनं पदर तोंडात धरला. नानासोनं हार मानली. आत जाऊन फ्रीज उघाडला, आमी तिघं त्येच्या मागं.

वरल्या फळीवर रेड्याचं बी. मधल्या फळीवर कोंबड्यांच्या लशी. आन खालच्या फळीवर, वल्या फडक्यात गुंडाळल्येलं, नळ्या हुभ्या करायचं लाकडी घोडं. राहीनं इचारलंबी न्हाई. वाकून फडकं बाजूला केलं.

हिरवंगार कोंब. नळी न् नळी जित्ती. आन प्रत्येकीच्या चिठ्ठीवर एक लाल ठिपका, जनू वटी भरून सासरला निगाल्येल्या पोरी.

राही फरशीवरच बसली आन त्ये घोडं मांडीवर घेतलं. आदल्या दिशी एक टिपूस काढलं न्हवतं तिनं. आता काढलं.

नानासो गांगरला. "आवं, ते दाजींचं हाय. म्हनलं, गुरांचं नवं औषद हाय, दोन-चार दिस ठिव. उद्या न्ह्यायला येनार हायत. काय चूक झाली का?"

सुभेदारांनी त्येच्या खांद्यावर हात ठिवला. "तुजी कायबी चूक न्हाई, गड्या. तू लय चांगलं सांभाळलंस. आता एकच काम कर. दाजीला काय सांगू नगंस. उद्या तू सोताच सांगलीला ये, आन येताना ती थरमास आन. रिकामी."

शेवंताला आमी तिथंच थोडी पेंड चारली. तिनं खाल्ली. पर माज्याकडं बघितलं न्हाई.

६

पुन्याच्या बाई आल्या. पांढरं पातळ, बारीक चष्मा, बोलनं थोडं. लालासाहेबांनी त्यांना खालीच सांगून टाकल्यालं, की प्रयोग बिघडलाय. आप्पासो दारापाशी हात बांधून हुभा. त्येची नजर सारखी रस्त्याकडं. सकाळी त्यो मेव्हण्याकडं निगाला हुता, तर नानासोचा निरोप, मीच घिऊन येतो.

बाई खोलीत आल्या. लालासाहेब म्हनलं, "राहीबाई, दाखवा. जे काय आहे ते."

राहीनं दार उघाडलं. आन बाजूला झाली.

बाई वाकल्या. एक नळी काढली, उजेडाला धरली. आतला हिरवा कोंब उजेडात असा दिसला, जसं नुकतं जलमल्येलं पाखरू पापनी हालवतंय. लालासाहेब दोन पावलं पुढं आलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे जिवंत आहेत," बाई म्हनाल्या. "आणि हे लाल काय आहे?"

"कुंकू, बाई," मी म्हनले. "आमच्या कृष्णातनं लावलं. आन त्या कुंकवानंच ह्यांना माघारी आनलं."

मंग मी सांगितलं. नवमी, कडी, वलं बोट, पांढऱ्या चिठ्ठ्या, समदं. शेवंताची गोष्ट जरा वाढवून सांगितली, तिनं खरंच गानं म्हनलं असं सांगितलं. आप्पासोचं नाव मातुर घेतलं न्हाई. त्येच्याकडं बघितलं नुसतं.

त्यानं हासायचा प्रयत्न केला. "काकूंना गोष्टी रचायची हौस आहे, बाई. कुंकू काय, कोणीही नंतर लावू शकतं."

"लावंल की," मी म्हनले. "पर परवा ज्या नळ्या हितं हुत्या, त्या कोऱ्या हुत्या. सरांनी बघितल्या, राहीनं बघितल्या. मंग आप्पासो, तुमी मला एकेका नळीवरलं बोट सांगितलं, त्ये तुमाला कुठल्या नळ्यांवर दिसलं?"

त्यानं तोंड उघाडलं. काय तरी जुळवत हुता. आन तेवढ्यात दारात नानासो. काखेत रुंद तोंडाची थरमास.

"दाजी," त्यो म्हनाला, "ही घ्या तुमची थरमास. औषद ह्या ताईंनी कालच न्हेलं."

आप्पासोनं थरमास घेतली न्हाई. भिताडाला टेकला. खाली बघून बोलला.

"माझ्या सगळ्या गेल्या. श्रावणातच गेल्या. त्याच काळ्या नळ्यांना हिचे आकडे लावून मी इथे ठेवल्या. तेच शेंडे, तोच फ्रीज, आणि हिच्या एकेक नळीत कोंब. हिच्या आधी चार वर्षं मी इथे आहे. कडेगावची ही पोरगी पाहुण्यांपुढे उभी राहणार आणि मी मागे? मला ते जमलं नाही."

राही पुढं झाली.

"सर, तुमच्या का गेल्या त्ये मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तुमी गारठा जास्त ठिवत हुता. दोन फळ्या खाली ठिवायच्या हुत्या."

ह्ये ऐकून त्यो मानूस खरंच रडला. बिगरकांद्याचं.

लालासाहेबांनी त्येला आपल्या खोलीत जायला सांगितलं, आन आवाज असा, की त्यो परत त्या खात्यात दिसला न्हाई.

पुन्याच्या बाई अजून नळी धरूनच हुत्या. त्यांनी राहीला इचारलं, "म्हणजे एक दिवस फ्रीज बंद. मग बर्फाच्या थरमासमधून प्रवास. मग दोन दिवस दुसऱ्याच फ्रीजमध्ये, लशींबरोबर. मग परत प्रवास. आणि एकही गेला नाही?"

"एकबी न्हाई," राही म्हनाली. मंग सावरून, "एकही नाही, बाई."

"मी पुण्यात इतकी कडक परीक्षा घ्यायला धजले नसते." बाई पयल्यांदा हासल्या. "अशी झोपलेली झाडं गावोगाव पाठवता येतील की नाही, हेच मला बघायचं होतं. ते एका चोरानं करून दाखवलं. काम चालू राहील. आणि हिला ही खोली कमी पडेल, लालासाहेब."

लालासाहेबांच्या भुवया वर ग्येल्या, खाली आल्या. "शेजारची देतो," ते म्हनलं. "ऊस काय, मागच्या शेडमध्येही बसेल." मंग कृष्णातकडं वळून, "आणि तू. पुढच्या नवमीला बटन बंद करायचं नाही. चालू असतानाच पुजा कर. कुंकू लाव हवं तेवढं."

"आन लोनी, सायेब?" कृष्णातनं इचारलं.

"लोणी मी माठात ठेवीन."

पुढच्या पावसाळ्यात राही त्यातली काय रोपं घिऊन रहिमतपूरला आली. आदी कुंडीत वाढवल्येली, वीतभर उंच. चंदनाचं कसं असतंय, त्येला एकट्याला वाढता येत न्हाई. मातीखाली दुसऱ्याच्या मुळाला मूळ लावून त्यो आपलं पोट भरतो. म्हनून राहीनं जुन्या खड्ड्यात आदी तूर लावाय सांगितली आन तुरीच्या कुशीत रोप ठिवलं. माती तिनं लोटली, पानी कृष्णातनं घातलं. त्यो मुद्दाम रजा काढून आल्ता.

मी बघते तर आमचं सुभेदार बांधावर ताठ हुभं. टाच जुळवल्येली, उजवा हात कपाळाला.

"आवं," मी म्हनले, "फौजेत झाडाला सलाम ठोकायची रीत हाय का?"

"तू गप," ते म्हनलं, आन हात खाली केला न्हाई. "वैऱ्याच्या मुलखातनं एकबी जवान न गमावता पलटन माघारी आल्याय."